बत्तीस हा आकडा बरोबर होता

आजच्या निरोप सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या दवाखान्याचे विश्वस्त माननीय अप्पारावसाहेब, सत्कारमूर्ती डॉ. मधुसूदन सर, सरोजिनीवहिनी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि ड्युटी सांभाळून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी सांडू गव्हाणे, लॅबमधला. शिक्षण बारावी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी इथं काचनळ्या धुवायला लागलो. मशीन शिकलो ती तिच्यासोबत आलेली पुस्तकं वाचून, मांडीवर डिक्शनरी घेऊन. त्या काळात मला 'सांडूजी' म्हणणारे सर एकटेच.

मेघा सिस्टरनं बजावलंय, "भाऊ, दोनच मिनिटं. अन् मशीनचं काही काढू नका." सिस्टर, मशीनशिवाय मी बोलू तरी काय?

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. करमाडचे सर्जेराव न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर होते, चौथा दिवस. थायरॉईडची तपासणी आली. टी-थ्री, म्हणजे थायरॉईडचं एक हार्मोन, निघाला बत्तीस. आमच्याकडं नॉर्मल ऐंशी ते दोनशे. टीएसएच मात्र नॉर्मल. मी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, लावून मशीन तपासली, ठीक. नमुना पुन्हा लावला, तेहतीस. मग रिपोर्ट दिला.

सर आयसीयूच्या दारात, नातेवाइकांसमोर म्हणाले, "ए लॅबवाल्या, मशीन बिघडली का डोकं?"

"सर, दोनदा लावलं."

"मग दोनदा चुकलास."

संध्याकाळी माफीनामा लिहून घेतला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' मी सही केली. का केली? कारण मशीनपेक्षा माझा सरांवर भरवसा जास्त होता.

सर्जेराव बरे झाले. दोन महिन्यांनी त्यांचाच टी-थ्री एकशे अठरा. मशीन तीच! तेव्हा मी वाचायला बसलो. आजार भारी असला की शरीर टी-थ्री कमी बनवतं; लई लांबला तर टी-फोरही उतरतो; माणूस सावरला की दोन्ही परत चढतात. ग्रंथी बिचारी धड असते. सरांनी थायरॉईडची गोळी दिली नव्हती, ते योग्यच केलं, हे नोंदवतो. आकडा कमी का आला, तेवढंच चुकीचं सांगितलं.

सरांना ठाऊक नसेल, असं धरून मी गप्प राहिलो. मागच्या वर्षी डॉक्टरांच्या सभेत सरांचं व्याख्यान झालं, ह्याच विषयावर. प्रोजेक्टर लावायला मीच होतो. तिसऱ्या स्लाइडवर बत्तीस, तेहतीस, एकशे अठरा. सर म्हणाले, "असा रिपोर्ट आला तर लॅबवर ओरडू नका बरं. लॅब बरोबर असते." सभागृह हसलं. मी मागं वायर धरून उभा.

सर, अख्ख्या शहराच्या डॉक्टरांना सांगितलंत. जिना उतरून मला सांगायला किती पायऱ्या होत्या? मी मोजल्यात. बावीस.

तो माफीनामा आजही माझ्या फायलीत आहे. त्याची प्रत मी हारांच्या टेबलावर ठेवलीय. सरांनी त्यावर आज एक ओळ लिहिली तरी पुरे, 'रिपोर्ट बरोबर होता', अन् खाली सही. उद्यापासून सर इथं नाहीत.

सरांना उदंड आयुष्य लाभो. वहिनी, तुमच्या दिवाळीच्या करंज्या मी विसरलेलो नाही. अध्यक्षसाहेबांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, दोनाची सहा मिनिटं झाली असतील, तर त्याची माफी मागतो, मनापासून.

नऊ वर्षांपूर्वी मागितलेली मात्र मी आज, सर्वांसमक्ष, परत घेतो.