चेहरा तेवढा काढून टाकावा

...आणि वर लोक त्यांनाच विचारतात, "काका, आमच्यावर डोळा का ठेवता?" आता तुम्हाला सांगतो, घड्याळवाले काका म्हणजे साधा माणूस, जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केली, त्यात एक डोळा झाला बटाट्याएवढा आणि दुसरा मिटला तो मिटलाच, यात पाळत कुठून आली? पण नाही... भिंत बोलत नाही, नुसती बघते.

झालं असं, की त्यांची सून काढते चित्रं. कागदावर नाही बरं का, त्या काचेच्या पाटीवर. रंग सांडत नाही, बोटं भरत नाहीत, त्यामुळे सासूबाईंना ते कामच वाटत नाही. तिने सासरेबुवांना रंगवलं, डोळ्याला भिंग, आणि नजर अशी, की बघणाऱ्याला वाटावं, आपण काल काय केलं ते या म्हाताऱ्याला कळलंय. चित्र इंटरनेटवर टाकलं, खाली स्वतःचं नाव घालून. आणि एक दिवस काका जिना उतरतात, तर समोर भिंतीवर काका! माणसाएवढे. खाली लिहिलेलं, 'आम्ही बघतोय.' कॅमेरे विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने चित्र उचललं, नाव पुसलं आणि चिकटवलं गल्लीभर, लिफ्टपाशी, दवाखान्यात, अहो, संडासाच्या दारावरसुद्धा... तिथे काय बघायचंय?

तेव्हापासून काका दिसले की गप्पा बंद. भाजीवाली तोललेली भाजी परत तोलायची. शेजारचे मास्तर पत्त्यांत रोज फसवायचे, ते मुद्दाम हरायला लागले. काका म्हणाले, "मास्तर, नेहमीसारखं खेळा की." मास्तर म्हणाले, "नको, हरतोय ते बरं आहे." पुढे तर यायचेच बंद झाले. काकांना घरच्या आरशात बघायची चोरी झाली. भिंत बोलत नाही, नुसती बघते.

सून पेटली. "बाबा, चित्र माझं, तोंड तुमचं, आणि तुमच्याशी कुणी बोलेना झालंय. मी नाही सोडणार." गाठला वकील. वकील कसा, तर 'बसा' म्हणायच्या आधी 'पुरावा?' म्हणणारा. "यात तुमचं स्वतःचं काय काय ते नीट सांगा. खोटं निघालं तर आपल्यावरच उलटेल." पोरगी प्रामाणिक, इथेच घात झाला. त्या पाटीवर चित्र थरावर थर ठेवून करतात म्हणे, ती एकेक थर उघडून सांगत गेली, "कोट, हा इंटरनेटवर तयार, फुकट मिळतो. मागची भिंत, तीपण फुकटची. चेहरा तेवढा माझा, हाताने काढलेला." वकिलाने तसंच लिहिलं, खरमरीत, 'सदर चेहरा सर्व ठिकाणांहून विनाविलंब काढून टाकावा, अन्यथा...' त्या 'अन्यथा'च्या पुढे असं काही होतं, की वाचताना काकांनाच घाम फुटला.

कंपनी घाबरली. घाबरली ती घाबरली, पण केलं काय? कागद नाही काढले. चेहरा काढला. पाती देऊन माणसं पाठवली, आणि त्यांनी शिंप्यासारखा, कडेकडेने, चेहरा तेवढा कापून नेला. आता भिंतीवर कोट आहे, कॉलर आहे, वर भोक आहे, आणि खाली 'आम्ही बघतोय.' आधी निदान कोण बघतंय ते तरी कळायचं हो... आता लोक काकांच्या जिन्यानेच येईनात. वकील म्हणाला, "मागितलं ते मिळालं, अभिनंदन." भिंत बोलत नाही, नुसती बघते.

परवा काका लिफ्टची वाट बघत भिंतीला टेकले. गुडघे दुखतात, माणूस टेकणारच. मागे तोच कागद, उंचीही तीच, डोकं बरोब्बर भोकात. तेवढ्यात आला कंपनीचा माणूस. थबकला. पातं उघडलं, दोन बोटांनी काकांची हनुवटी धरली, आणि मागे जोडीदाराला म्हणाला, "हा एक राहिलाच बघ."

काका म्हणाले, "सावकाश रे बाबा. दाढी आजच केलीय."