मक्याला चुना

मी मूळची जतकडची. आमी चौघी भैनी मक्याची कनसं सोलता सोलता मोठ्या झालो. मालक लवकर गेले, मग शाळेत पोरांची खिचडी शिजवली, अठरा वर्सं शिजवली, एकुलती मनीषा शिकवली, आन ती आता हितं परदेशात, आइंडहोवनला इंजिनेर हाय. तीन महिन्यांसाठी आले, तर काय सांगू तुमाला, बोलाय मानूस न्हाई, दिसभर खिडकीतनं सायकली बघायच्या.

शेजारी इत्सेल ऱ्हाती, मेक्सिकोची, माया लोकांतली. माया म्हंजे तिकडचे जुने लोक, गोऱ्यांची गलबतं यायच्या कितीतरी आधीपासनं मका पिकवनारे. तिची आई वारून वर्स झालं. आईच्या रीतीची मक्याची भाकरी करून फोटोम्होरं ठिवायची व्हती, पन मका चुन्यात शिजवावा लागतो म्हने, आन मागवलेला चुना आलाच न्हाई. आमच्या सैपाकघरात बसून रडाय लागली. तिचं इंग्रजी मनीषा मला सांगायची.

आता चुना माझ्यापाशी व्हता. गालात पांढरा डाग आला म्हनून डॉक्टरनं तंबाकू बंद केलेली, आन मी मनीषाच्या डोक्यावर हात ठिवून सोडली म्हनून सांगितलेलं. डबी काढावी तर खोटं उघडं पडतंय, न काढावी तर म्होरं आईसाठी रडनारी पोर. काढली. मनीषानं डबी उघडून आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन इत्सेलम्होरं ठिवली.

चुन्याच्या पान्यात मका शिजवला, रातभर तसाच ठिवला. सकाळी चोळला तर सालं कशी सुळसुळ निघाली. इत्सेलकडं पाटा हाय, आपल्यासारखाच, फकस्त तीन पायांचा. मी गुडघ्यावर बसले आन वाटाय लागले. ती सांगत व्हती, आमच्या देवांनी मानूस केला तो मक्याच्या पिठाचा. म्हनलं, आमी मातीचे, तुमी मक्याचे, बरं हाय. मग म्हनली, तंबाकू बी आमचीच, आमचे लोक देवाम्होरं जाळायचे. मी लगीच म्हनलं, बघ मनीषा! तर मनीषा म्हनती, जाळायचे आई, गालात न्हाई धरायचे. आन हसली. हसता हसता रडली बी. म्हनली, मला तू पायजेस गं.

तंबाकूची पुडी तवाच कचऱ्यात टाकली. खरंच टाकली हो. सोपं न्हाई, अजून जीभ फिरती गालाकडं.

पयली भाकरी इत्सेलनं आईच्या फोटोम्होरं ठिवली, दुसरी माझ्या हातात दिली.

बुधवारी माझं परतीचं इमान हाय. दोघींना सांगितलंय, मी गेल्यावर एकमेकींना जेवाय बोलवत जावा. देव कुनाचा का असंना, माझ्या दोन्ही पोरींचं भलं करो.