कृष्णकमळाची काडी

बालाघाटच्या बसस्टँडवर खैरलांजीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. बाईंनी मांडीवरचं ओलं फडकं उलगडलं. आत कृष्णकमळाची वीतभर काडी होती.

"मंजूचे बाबा, याचे पानं कुठं गेले?"

"मीच तोडले. बसमधी चेंगरले असते ना."

"सारेच तोडले? आता शेंडा कोणता अन् बुड कोणतं?"

"हौ... हे ध्यानातच नाही आलं. भरवेलीले वापस जाऊन दुसरी आणू काय?"

"कुठून आणता? आपल्या जुन्या क्वार्टरात आलेल्या नव्या माणसानं वेल उपटून टिनाचं शेड टाकलं. हे एकच काडी वाचली."

"तारेवर कसा पसरलता तो! मंजू शाळेतून आली का पहिले फुलं मोजे."

"फुलं नाही, कौरव मोजे. एकेका फुलात बाहेर शंभर कौरव, मधात पाच पांडव. शंभरपर्यंत गिनती तिले त्या वेलानंच शिकवली."

"साठाच्या पुढं गडबडे, अन् पुन्हा एकपासून!"

"हासू नका. उन्हाळ्यात मंजू आपल्या पोरीले घेऊन येऊन राह्यली. तिले काय दाखवू? उलटी लावली त सडून जाईन."

"मंग उभी लावूच नोको."

"म्हंजे?"

"वावरात उसाची कांडी कशी लावत होतो?"

"आडवी."

"तशीच हे निजव. वरून बोटभर माती टाक. वर कुठं जायचं, ते तिचं तिले समजते."