उंबऱ्याबाहेरचा बाप्तिस्मा

तुम्हाला सांगते, आमच्या चर्चची मंडळी फुटली तेव्हा माझी झोपच उडाली. धर्माच्या शिकवणीवरून वाद झाला आणि माझा नवरा प्रेस्बिटेरियन पंथाच्या नव्या मंडळीत गेला; ती उरवडे गावातल्या एका शेडात भरणार होती. सासूबाई जुन्या चर्चमध्येच राहिल्या. "त्या शेडात पाय ठेवणार न्हाई," म्हणाल्या.

त्या शेडात नव्या मंडळीची पहिली उपासना, माझ्या तान्हीचा बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याचं भांडंच नाही! ते राहिलं जुन्या चर्चमध्ये. मागायला जाणार कोण? पोर रडून लाल, मी रडकुंडीला.

तेवढ्यात दारात सासूबाई, हातात तेच पितळी भांडं.

नव्या मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, "आजी, आत या."

"न्हाई. आन् भांडंबी सोडणार न्हाई, ते आमच्या चर्चचं हाय. तुमीच भाईर या."

सगळी मंडळी बाहेर आली. बाप्तिस्मा रस्त्यावर झाला.

भांडं पुसत सासूबाई मला म्हणाल्या, "पायबी ठेवला न्हाई, आन् नातीचा बाप्तिस्माबी राहिला न्हाई."