शेणफडरावाची मंजुरी

— नाही म्हंजे काय, डाक्टर साहेब? विम्याच्या कचेरीचा शिक्का हाय, सही हाय, पोट उघडून पाहाची मंजुरी हाय. तेलगिरणीत घाण्यावर उभं राहून पगारातून कापून घेतलेला विमा हाय थो, भीक नाही मांगून राह्यली मी. सकाळपासून माहा माणूस उपाशी ठेवला, सुई टोचून गुंगवला, अन् आता म्हणता का कागदावर दुसऱ्याच माणसाचं नाव हाय? वाचा बरं. शेण... शेणफडराव? हा कोण बाप्पा?

हसू नोका, सिस्टरबाई. तुमचा नवरा नाही तठी पडलेला.

अन् सांगू का, दोष तुमचा हाय, साहेब! तुमच्या चिठ्ठीतलं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यावाणी. विम्याच्या कचेरीतल्या बाबूले एक ओळ वाचता आली नाही. मलेच विचारते, बाई, आजार कोणता? मी म्हटलं, थेच तं पाहाचं हाय, पोट उघडल्यावर समजन. म्हणते, आजाराले मंजुरी भेटते, पाहाले भेटत नाही. असा राग आला! म्हटलं, काऊन रे बाप्पा, खामगावच्या बाजारात कापसाची गाडी येते, तं अडत्या काय वरूनच भाव बोलते? कोपरावरी हात खुपसते, तळचा कापूस उपसून पाहते, ओला हाय का किडका हाय, मंग तोंड उघडते. मंग माह्या माणसाच्या पोटाची काय कापसाइतकीबी कदर नाही? बसली तठीच फतकल मारून. शिक्का मारल्याबिगर उठत नाही म्हटलं. मारला मुकाट्यानं. मंग म्हणते — रोग्याचं नाव?

आता मी कसं सांगू? तुमीच सांगा, कसं सांगू? हळदी-कुंकवाले उखाण्यात नाव घेतो ते येगळं, मंगल काम असते. दुखण्याच्या कागदासाठी कोणी नवऱ्याचं नाव घेते का? आयुष्य कमी होते माणसाचं. मी नाही मानत हो असलं! पण माह्या जावेनं, तानाबाईनं, एकदा भांडणात नवऱ्याले नावानं हाक मारली, अन् थ्याच आखाडात त्याले साप डसला. नाही मानत मी. पण घ्यावं कायले? म्हणून बाबूले खुणेनं सांगतलं. म्हटलं, गावाच्या कडेले बाया रोज सकाळी शेणाचं टोपलं रिकामं करतात ना, त्याच्यावरून नाव हाय. समजलं, म्हणे. डोंबल समजलं! जागा राह्यली बाजूले, शेण तेवढं लिवलं भाड्यानं! चौथी शिकली मी, वाचलं असतं, पण पाकीट चिकटवून देल्लं, अन् म्हणे डाक्टरबिगर कोणी फोडाचं नाही.

काय? कागद परत पाठवता? आठ दिवस? साहेब, पाण्याचा घोट ठरून नाही राह्यला त्याईच्या पोटात. हातानं चाचपलं तं गोळा लागते बोटाले, तुमालेबी लागला, तुमचं तोंड उतरलं होतं तवा, मी पाह्यलं. आंधळी नाही मी. थो गोळा आठ दिवस थांबते का कागदासाठी?

तुमीच दुरुस्त करता? मंग करा ना! ... मी बोलू? तोंडानं? सिस्टरबाईसमोर? काऊन, तुमाले माहीत नाही नाव? रोज सकाळी त्याच नावानं उठवता ना त्याईले! बायकोच्याच तोंडून पाहिजे. वा रे तुमचा कायदा.

त्याईच्या मायचे तीन लेकरं गेले होते, साहेब. हे झाले तं सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवले. का तं मरणानं यावं, वास घ्यावा अन् निघून जावं. थेच नाव पडलं. नवीन नवरी होती मी, तवा घरी कोणी नाही पाहून पाण्याच्या रांजणात तोंड घातलं अन् हळूच म्हटलं, माह्या तोंडात कसं वाजते पाहू म्हणून. असं घुमलं! वाटलं, आतून कोणी 'ओ' देल्ली. चार दिवस त्याईच्या तोंडाकडं पाहाले लाजली मी... हे काऊन सांगून राह्यली मी तुमाले? घ्या लेखणी. पण कचेरीवाणी नाही सांगणार. डोक्यावर पदर घेऊ द्या. सिस्टरबाई, हसशीन तं पाहाय.

*मरण आलं एकदा दारी, गेलं नाक धरून,*
*उकंडराव येतील घरी आपल्या पायी फिरून.*

लिवलं? उकंडराव, उकंडा म्हंजे तुमचा उकिरडा. परत नाही घेणार मी. कुठं सही करू? अंगठा नोका मांगू, सही येते मले.

आता माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यले? माहं काम झालं. जा आत.