जानरावची चौकशी

...अन् काहून विचारू नये हो? म्हैस घ्याले गेलो तर आपण चार गावांत विचारतो, लाथ मारते का, दूध चोरते का... आन् मास्तर घ्याले निंघालो तर नुसता कागद पाहाचा? 'वर्तणूक उत्तम!' खाली गोल शिक्का... खलास!

तुमाले सांगतो, एकसष्ट सालची गोष्ट. आमच्या मोर्शीच्या शाळेतला कारकून जानराव रविकांत मास्तरचा अर्ज हाती घेऊन बसला, तो उठेच ना. चार वर्षांत तीन शाळा! आन् तिन्ही दाखल्यांवर तेच, वर्तणूक उत्तम! जानराव म्हणे, एवढा गुणी माणूस, मंग याले कोणीच काहून ठेवून घेत नाई? टाकली रजा आन् गेला ना थेट पातूरले, मास्तरच्या आधीच्या शाळेत!

तिथले हेडमास्तर बापूसाहेब. त्यायनं आधी चहा पाजला, मंग दार लोटलं, मंग घसा खाकरला... "त्याचं असं आहे जानराव, हात जरा... जड आहे त्यांचा. एका मुलाला फळ्यावर आपटलं. तीन टाके पडले."

"मंग दाखल्यावर उत्तम काहून लिवलं जी?"

"अहो, वाईट लिहिलं असतं तर इथून गेले असते का ते?"

घ्या!

जानराव तणतणत परत आला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष केशवराव, वकील माणूस, चष्मा पुसत म्हणाले, "लेखी आहे का काही? नाही ना? मग ऐकीव झालं. आणि मागचं विचारावं असा नियम कुठे आहे, तो दाखवा." नियम! आता कुठून दाखवते जानराव? सोमवारी मास्तर हजर!

आन् मंग दिवाळीच्या आधी... हसू नका, इथं हसाचं नाई. पाचवीतली मनकर्णा. तिची माय पार्बताबाई लोकायच्या वावरात तण निंदाले जाये. पोरीचा पाढा चुकला. मास्तरनं अशी कानाखाली दिली का पोरगी बाकावरून खाली, कानातून रक्त. त्या उजव्या कानानं तिले पुन्हा ऐकू आलं नाई, बाप्पा. पार्बताबाई ऑफिसात आली. रडली नाई, ओरडली नाई. जानरावले एवढंच म्हणे, "तुमाले मालूम होतं म्हणतात, दादा. खरं हाय?"

त्याले मालूम होतं. आठ दिवस घरी बायको इंदूबाई ताट वाढे, आन् तसंच उचले.

मास्तरचं काय झालं म्हणता? राजीनामा! आन् संगं दाखला... वर्तणूक उत्तम! केशवराव सांगून रायले, जानरावनं लिवाचं. त्यानं पेन खाली ठेवला. "हात तोडा माहा, पण लिवत नाई." मंग केशवरावनं सोताच लिवला.

पण जानराव गप बसते का? अमरावतीले पाच संस्थांची बैठक भरे, तिथं हा ठराव घेऊन उभा! नोकरीवर घ्याच्या आधी मागच्या शाळेले पत्र टाकाचं, माणूस कसा हाय विचाराचं, आन् त्यायनं खरं सांगाचं. दीड वर्ष खेटे घातले, हाता-पाया पडला... आन् झाला ना मंजूर! टाळ्या! केशवरावनं बी वाजवल्या! जानराव धावत सांगाले गेला पार्बताबाईच्या घरी. मनकर्णा दारातच होती. तो बोलून रायला, बोलून रायला, आन् पोरगी नुसती पाहे. मंग मायनं सांगितलं, "दादा, डाव्या अंगानं बोला."

पुढं काय? महिनाभरात केशवरावनं त्याले कामावरून काढलं. उद्धट म्हणे! जानरावनं अकोल्याच्या शाळेत अर्ज टाकला. वीस वर्षांचा अनुभव, घ्याले तयार ते लोक. फक्त म्हणे, नवा नियम झाला हाय भाऊ, मागच्या शाळेले पत्र टाका लागते.

टाकलं. चार दिवसांत केशवरावचं उत्तर! तिथल्या कारकुनानं जानरावले वाचून दाखवलं: "कामाला चोख. प्रामाणिक. परंतु चौकशा फार करतो."

नाई घेतलं जी. नियमानं नाई घेतलं.