गळ्यातलं हिरवं

नवल: …तरी म्हणत होतो आबा, ताईला जळगावहून बोलावू नका. माझ्या फोनला शंभरपट झूम आहे. त्यात दिसलं नाही, म्हणजे नाहीच.

आबा: चार दिवसांपासून तेच सांगू राह्यला तू. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं ना!

दिपमाला: हळू बोला दोघं, थवा उडेल. आबा, नीट सांगा. फोनवर नुसतं ‘तुझं मशीन घेऊन ये’ म्हणालात अन् ठेवून दिलात.

आबा: आता काय सांगू बेटा. हे बदकं दर हिवाळ्यात धरणाच्या पाण्यावर उतरतात अन् आपला हरभरा खुडतात. म्हणून यंदा बांधाले हिरवी जाळी लावली. सोमवारी सकाळी पाहतो तं एक बदक जाळीत अडकेल. मी धावलो सोडवाले, तं मले पाहून ते आणखीच फडफडलं अन् जाळी तोडून उडालं. मंगळवारी पाह्यलं, एकाच्या गळ्यात हिरवं. फास बसला अशीन वं त्याले. माझ्या हातानं.

नवल: अन् मी त्याच दिवशी फोटो काढला. हा बघ ताई, मान एकदम स्वच्छ. पिसं मोजून घे.

दिपमाला: मोजते. ही बघ, इथली आणि ही तिथली. सगळी एकसारखी, साच्यातून काढल्यासारखी. ही पिसं त्या पक्ष्याची नाहीत नवल, फोननं अंदाजानं भरलीत.

नवल: म्हणजे फोन खोटं बोलतो?

दिपमाला: खोटं नाही रे. त्याची काच शर्टाच्या गुंडीएवढी. इतक्या लांबचं त्याला दिसेना, मग जसं असावं असं वाटलं तसं त्यानं रंगवलं. जवळचं तो छानच काढतो. हा तुझा सकाळचा फोटो, धुकं, पाणी, अख्खा थवा… माझ्या या लांब लेन्समध्ये हे मावणारच नाही.

आबा: लाव मंग ते मशीन. मीच तुले बोललो होतो, कॉलेजातली नोकरी सांभाळून हे लोढणं कशाले वागवती म्हणून.

दिपमाला: असू द्या आबा. या, बसा इथं. एक डोळा मिटा. दिसतंय?

(आबा बांधाआड उकिडवे बसून कॅमेऱ्यातून पाहतात.)

आबा: अगं… हे तं माझ्याकडेच पाहू राह्यलं.

नवल: काय दिसतंय आबा?

आबा: डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत रे. काजळाचं बोट ओढावं तसे. चोचीले पाण्याचा थेंब लटकेल आहे… पडला. चाळीस वर्षं झाले मी यांले हाकलू राह्यलो, अन् हे पट्टे मले आज दिसले.

दिपमाला: आता मला बघू द्या. डावीकडून… थांबा. सापडलं. हिरवं आहे, आबा. तुमचं खरं.

आबा: गळा आवळला का त्याचा? सांग लवकर.

दिपमाला: फोटो घेतला. हा मोठा करते. आबा, जाळीवर कधी अक्षरं असतात?

नवल: अक्षरं? दाखव. अरे हो, पांढरी अक्षरं! खाली आकडा पण आहे.

दिपमाला: पट्टा आहे हा. पक्षी ओळखता यावा म्हणून अभ्यासकांनी मुद्दाम घातलेला, सैल. बघा, मान वळवून पाठ साफ करतंय मजेत. नवल, हा फोटो तुझ्या फोनवर घे आणि मयुरीला पाठव. ती पक्ष्यांच्या नोंदी ठेवते.

आबा: अन् जे अडकलं होतं, ते?

दिपमाला: तेच बघतेय. एकेकाला तपासते… चौतीस. कुणाच्या अंगावर धागासुद्धा नाही.

आबा: सुटलो. नवल, ती जाळी काढून टाक आजच.

नवल: काढतो. थांबा, मयुरीताईचं उत्तर आलं. ‘मादी आहे. सात वर्षांपूर्वी मंगोलियात एका तळ्याकाठी पट्टा घातला. नंतर कुणालाच दिसली नाही. तिथले लोक ती मेली असं धरून चालले होते. कुठे आहात तुम्ही?’

आबा: मंगोलिया कुठी आलं?

दिपमाला: चीनच्या पलीकडे. मध्ये हिमालय.

आबा: त्याले वळसा घालून येतात?

दिपमाला: नाही आबा, वरून. बर्फाचे डोंगर ओलांडून. तिथं आपल्याला श्वाससुद्धा पुरत नाही.

आबा: या पंखांनी?

दिपमाला: या पंखांनी. दर वर्षी.

नवल: अन् आपण नुसतं भुसावळला जाऊन आलो तरी म्हणतो, दमलो.

आबा: मेली म्हणत होते तिले. लिहून पाठव नवल, म्हणा, आमच्याकडे आहे. खाऊन-पिऊन बरी आहे.

नवल: पाठवलं.

दिपमाला: आबा, चपला का काढल्या? बांधावर काटे आहेत.

आबा: असू दे वं. तू काढ तिचा फोटो.